सामाजिक अर्थव्यवस्थेसाठी धोरण: अनुदानाच्या आधी काय?

प्रश्न – टिपणकार

सहकारी संस्था, परस्पर साहाय्य संस्था (सभासदांच्या वर्गणीतून त्यांनाच विमा वा मदत देणाऱ्या), सेवाभावी संघटना, प्रतिष्ठाने आणि सामाजिक उद्योग, म्हणजेच सामाजिक अर्थव्यवस्था, यांना एकत्रितपणे बळ देणाऱ्या धोरणावर मी एक टिपण तयार करत आहे. घोषणांची वानवा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जून २०२२ मध्ये या विषयावर ठराव केला आणि १८ एप्रिल २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही तसा ठराव संमत केला. स्पेनने २०११ मध्ये, तर फ्रान्सने २०१४ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. परंतु ज्या शासनाकडे पैसा बेताचा आणि मनुष्यबळ त्याहून बेताचे आहे, त्याने सुरुवात कोठून करावी? अनुदान सर्वांत सोपे दिसते. ते पुरेसे ठरते का?

उत्तर – कायदेपंडित

माझ्या मते सुरुवात व्याख्येपासून आणि मालमत्तेच्या संरक्षणापासून व्हावी. फ्रान्सच्या कायद्याने दोन दरवाजे ठेवले आहेत: सहकारी, परस्पर साहाय्य संस्था, संघटना आणि प्रतिष्ठाने आपल्या कायदेशीर स्वरूपामुळेच आत येतात, व्यापारी कंपनीला मात्र सामाजिक उद्दिष्ट, लोकशाही कारभार आणि नफ्याच्या वाटपावरील मर्यादा यांसारख्या अटी पूर्ण कराव्या लागतात. नुसत्या नावावर सवलत मिळू लागली की पाटी बदलून आत शिरणाऱ्यांना तोटा नसतो.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा संचित मालमत्तेचा. इटलीत करसवलत घेणाऱ्या सहकारी संस्थांचा राखीव निधी सभासदांत वाटता येत नाही, आणि संस्था अवसायनात गेली तरी शिल्लक मालमत्ता सहकाराच्या विकासनिधीकडे जाते. शिवाय १९९२ च्या कायद्यानुसार दरवर्षीच्या नफ्यातील ३ टक्के रक्कमही अशाच निधीला द्यावी लागते. जुन्या संस्थांच्या कमाईतून नव्या संस्थांना भांडवल मिळण्याची ही सोय अर्थसंकल्पावर अवलंबून नाही, म्हणून मला ती कोणत्याही अनुदान योजनेपेक्षा मोलाची वाटते.

उत्तर – निविदावाचक

कायदा हवाच, पण काम मिळाले नाही तर संस्था कागदावरच राहतात. शासन हे बहुतेक देशांत सर्वांत मोठे खरेदीदार असते आणि या संस्थांची अडवणूक खरेदीच्या नियमांतच होते. एखादी निविदा उघडून पाहा: मागील काही वर्षांची ठरावीक उलाढाल, अनामत रक्कम, सर्व कामांचा एकच मोठा गठ्ठा आणि देयक मंजूर होईपर्यंत पगार पदरमोड करून भागवण्याची अपेक्षा. यांपैकी एकाही अटीत सामाजिक संस्थांना मनाई नसते, तरीही त्या बाहेर पडतात. गठ्ठ्याचे लहान भाग करणे आणि देयके मुदतीत चुकती करणे या दोन सुधारणांना नवा कायदा सहसा लागत नाही.

पुढची पायरी राखीव कंत्राटांची. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशानुसार, ज्या संस्थांत किमान ३० टक्के कामगार दिव्यांग किंवा वंचित आहेत त्यांच्यासाठी निविदा राखून ठेवता येते. ब्रिटनच्या २०१२ च्या सामाजिक मूल्य कायद्याने मात्र सेवा खरेदी करताना सामाजिक लाभाचा केवळ 'विचार' करण्याचे बंधन घातले. विचार केला, अशी नोंद फाइलवर करून कोणीही मोकळा होऊ शकतो. शब्दरचना अशी ढिली ठेवू नये.

उत्तर – भागभांडवल

निविदावाचक यांचे निदान मान्य आहे, पण एकट्या शासनावर पोसलेली संस्था शासनाचीच स्वस्त शाखा होऊन बसते. खरी अडचण भांडवलाची आहे. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत आणि लाभांशावर मर्यादा, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदाराला आकर्षण नाही. बँकेला तारण हवे, आणि वाटता न येणारा राखीव निधी उभा राहायला काळ लागतो. तोपर्यंत पतहमी आणि दीर्घ मुदतीचे, सबुरीचे कर्ज हवे.

स्पेनमध्ये बेरोजगार व्यक्तीला आपला देय भत्ता एकरकमी घेऊन कामगार सहकारी संस्थेत भाग म्हणून गुंतवता येतो. इटलीच्या १९८५ च्या मार्कोरा कायद्याने बंद पडणारा कारखाना कामगारांनी एकत्र येऊन चालवायला घ्यावा यासाठी सार्वजनिक निधीची जोड दिली. पैसा घरी बसण्यासाठी द्यायचाच होता, तोच भांडवल झाला.

टिपणकार

तिन्ही उत्तरांबद्दल आभार. अनुदानाला जागाच नाही, असे समजावे का?

उत्तर – भागभांडवल

जागा आहे, पण हेतू नेमका हवा. ज्यांना कामावर घेण्याचा वाढीव खर्च खरोखर होतो, त्यांच्यापुरतीच मदत द्यावी. इटलीत १९९१ पासून वंचितांना रोजगार देणाऱ्या सामाजिक सहकारी संस्थांना त्या कामगारांपुरती सामाजिक विम्याच्या हप्त्यांतून सूट आहे. कामगार राहतो तोवर सूट राहते. याउलट मुदतबंद वेतन अनुदानावर नेमलेली माणसे मुदत संपताच कमी केली जाण्याचा धोका असतो.

उत्तर – कायदेपंडित

टिपणात आकडेवारीचा एक परिच्छेद जरूर घ्यावा. पोर्तुगालची सांख्यिकी संस्था सामाजिक अर्थव्यवस्थेचे स्वतंत्र उपलेखे (देशाच्या मुख्य आर्थिक हिशेबाला जोडलेले, एकाच क्षेत्राचे हिशेब) प्रसिद्ध करते, त्यामुळे या क्षेत्राचे उत्पादन आणि रोजगार राष्ट्रीय लेख्यांच्या चौकटीत दिसतात. ही सोय नसेल, तर अर्थखात्यासमोर करसवलतीची बाजू मांडताना हाती काहीच उरत नाही. सांख्यिकी विभागाला पहिल्याच वर्षी कामाला लावावे, कारण पहिले लेखे तयार व्हायलाच बराच अवधी जातो.