ऑटिस्टिक म्हणू की स्वमग्न?

डिचोलीकर: वय 34, गेल्या महिन्यात रिपोर्ट हातात आला, ऑटिझम. आई म्हणते गणेश चवथीला पाहुण्यांना काही सांगू नकोस, आणि मला तर उलट हलकं वाटतंय, शाळेपासून 'हट्टी', 'घुम्या' ऐकत आलो त्यापेक्षा हा शब्द बरा ना. तुम्ही स्वतःला काय म्हणवता?

माटोळीवाली: मी सरळ 'ऑटिस्टिक'. 'ऑटिझम असलेली' म्हटलं की पिशवीत घालून फिरवते असं वाटतं. स्वमग्न तर नकोच, मी कुठली स्वतःत मग्न, मला शेजारच्यांचा मिक्सरपण सोडत नाही!

फोंडा_77: मला आधी अ‍ॅस्पर्गर सांगितलेलं. 2013 ला डीएसएम-5 ने, म्हणजे मानसोपचारवाल्यांच्या अमेरिकन निदान-पुस्तकाने, ते नावच काढून सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घातलं. मग त्या डॉक्टर अ‍ॅस्पर्गरचे नाझी काळातले उद्योग वाचले आणि मीपण सोडलं, पण सवय आहे, जीभ अजून तिथेच जाते.

डिचोलीकर: आणि दिव्यांग?

माटोळीवाली: ते कार्डापुरतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी म्हणजे ते सरकारी दिव्यांग ओळखपत्र काढून ठेव. आणि आईला वेळ दे रे, माझ्या आईला तीन चवथी लागल्या.