पॅनेलवर ‘ड्राय रन’चा लाल दिवा

वॉचमन दादा: अण्णा, बोअरची मोटर चालू केली की दोन मिनिटांत बंद पडू राहिली. पॅनेलवर लाल दिवा लागतो, खाली ‘ड्राय रन’ लिहिलंय. सकाळपासून चार वेळा रिसेट करून पाहिलं.

बी-४०१ दादा: ड्राय रन म्हणजे नुसतं टेस्टिंग असतं. पुन्हा चालू करा, वरच्या टाकीत थेंब नाही. सगळ्यांच्या आंघोळी राहिल्यात.

ए-२०४ भाऊ: थांबा, कुणी हात लावू नका! माझं रोजचं काम आहे मोटर वाइंडिंगचं. इथं ड्राय रन म्हणजे पंपाला पाणी मिळत नाही आणि तो कोरडाच फिरतोय. सबमर्सिबल मोटर थंड राहते ती बोअरमधल्या पाण्यानं. पाणी खाली गेलं की पंपावरचा लोड कमी होतो, अँपिअर उतरतात आणि ते ओळखून पॅनेल सप्लाय तोडतं. म्हणजे पॅनेल त्याचं काम बरोबर करतंय. असंच रिसेट करत राहिलात तर आधी बुश जातील, मग वाइंडिंग जळेल. मागच्या मे महिन्यात हेच झालं होतं. भर उन्हात एकेक पाइप सोडवून मोटर वर काढली होती आपण.

अण्णा (सचिव): दादा, मेन स्विच पाडा. मी टँकरवाल्याला फोन लावतो.

बी-४०१ दादा: भाऊ, चुकलं माझं. पण ड्राय रन म्हणजे सराव, हे पेपरात वाचलेलं आठवतंय मला.

बी-२०२ सिस्टर ताई: तेही खरं आहे, दादा. २ जानेवारी २०२१ ला कोरोना लसीचा ड्राय रन झाला होता. महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना आणि आपलं नंदुरबार. मी तिथं ड्युटीवर होते. ओळखपत्र तपासायचं, नोंद करायची, टोचायच्या खोलीत न्यायचं, मग अर्धा तास बसवून ठेवायचं. सगळं खऱ्यासारखं, फक्त सुई टोचायची नाही.

ए-१०३ वहिनी: ३०३ च्या बाई, तुम्ही इंग्रजीच्या, ‘रन’चं तुम्हीच सांगा आता. काल लेकीनं ‘हर नोज इज रनिंग’चं मराठी ‘तिचं नाक पळत आहे’ असं केलं. मी फार रागावले तिला.

ए-३०३ बाई: रागावू नका हो लेकराला. शाळेच्या वहीत ‘रन = पळणे’ असंच लिहून दिलेलं असतं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पहिली काही वर्षं मीही तसंच लिहून दिलं. मग एका मुलानं विचारलं, ‘बाई, नदीला पाय नसतात, मग ती रन कशी करते?’ त्या दिवसापासून सुटा शब्द फळ्यावर लिहिणं मी सोडलं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात आधी ‘सेट’ची नोंद सगळ्यात लांब होती. १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ होते. २०११ मध्ये ‘रन’ची नोंद नव्यानं तयार झाली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. त्या एका शब्दावर एक संपादक नऊ महिने बसला होता. घोडा, झरा, गलबत यांच्यासाठी हा शब्द पूर्वीपासून होताच. पुढं यंत्रं आली, आगगाडी आली, आता कॉम्प्युटरवरचे प्रोग्रॅम आले. जे जे न अडता पुढं जातं, त्या सगळ्याला इंग्रजीनं हाच शब्द लावला.

आपण ते काम वाटून दिलंय. माणूस पळतो, तापी वाहते, नाक गळतं, दुकान चालतं, साडीचा रंग जातो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, आपला उभा राहतो! आणि गंमत बघा, घड्याळ, पंखा, मोटर हे सगळं आपल्याकडे चालतं, पण भुसावळहून सुटणारी जादा गाडी मात्र पेपरात ‘धावते’.

ए-२०४ भाऊ: हाव बाई. आणि आमच्याकडे ‘रनिंग’ वेगळंच. ग्रिलवाला रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीवर, भाव सांगतो. गाडी घेणारा विचारतो, रनिंग किती झालं?

ए-१०३ वहिनी: इंग्रजीच अवघड बाई. आपल्यात नाही असं.

ए-३०३ बाई: वहिनी, आज सकाळपासूनचे मेसेज वर जाऊन वाचा. दिवा लागला, फोन लावतो. आता ‘लागणे’ घ्या. तहान लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते. कपाशीला बोंडं लागतात. नवरदेवाला हळद लागते. पोराला ऊन लागतं, आणि एसटीत बसलं की गाडीही लागते. परवा बंगळुरूहून आलेल्या सुनेला मी म्हटलं, ‘आमरस गोड लागतो का?’ ती म्हणाली, ‘नको, लागणार नाही मला.’ तिला वाटलं, अजून हवाय का विचारतेय. तिचं काय चुकलं?

तुमच्या लेकीला एक करायला सांगा. वहीत ‘रन’ एकटा लिहायचा नाही. शेजारी कोण पळतंय ते लिहायचं: नाक, नळ, बस, दुकान. मराठी शब्द तिचा तिलाच सुचेल. आज संध्याकाळी पाठवा माझ्याकडे, आम्ही दोघी मिळून यादी करू.

ए-१०३ वहिनी: पाठवते बाई. ती म्हणतेय, पहिलं वाक्य मोटरचं लिहिणार.

बी-४०१ दादा: मीही येतो यादी बघायला. 🙏

वॉचमन दादा: अण्णा, टँकर गेटला लागला. पाइप घेऊन कुणीतरी खाली या.