ब्लॉक ड्रायव्हर: रिक्वेस्ट पूर्ण करण्याचा कोड तीन ठिकाणी विखुरला आहे, एकत्र कसा आणावा?

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार. पीसीआय एक्सप्रेसवरच्या एका साठवण कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडे देखभालीसाठी आला आहे. तो मुळात जुन्या एकेरी क्यूसाठी लिहिलेला होता. २०१९ मध्ये ५.० कर्नलमधून ती पद्धत निघून गेल्यावर कुणीतरी तो घाईने ब्लॉक-एमक्यूवर (अनेक क्यूंच्या नव्या पद्धतीवर) आणला, पण जुना संसार तसाच राहिला. कार्डाकडे गेलेल्या रिक्वेस्टची (वाचन-लेखनाच्या मागण्यांची) वेगळी यादी, तिच्यावर स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) आणि इंटरप्टनंतरचे (कार्डाने काम झाल्याची हाक दिल्यानंतरचे) काम उरकण्यासाठी टास्कलेट असा सगळा पसारा आहे. रिक्वेस्ट संपवण्याचे काम इंटरप्ट, टाइमआउट आणि रीसेट या तिन्ही वाटांवर निरनिराळ्या क्रमाने होते. रीसेटच्या वाटेवर तर डीएमए मॅपिंग (कार्डाला मेमरी थेट वाचता-लिहिता यावी म्हणून केलेली जोडणी) सोडवायचेच राहून गेले होते, हे गेल्या आठवड्यात आढळले. तेवढी एक ओळ घालून मोकळे होता आले असते, पण मग पुढची चूक दुसऱ्या वाटेवर सापडेल. कार्ड प्रत्येक कामाच्या उत्तरात आपण दिलेला १६ बिटांचा क्रमांक परत करते. यातले काय काय काढून टाकता येईल?

जुना खिळा

यादी, तिचा लॉक आणि टास्कलेट ही तिन्ही जातील. कार्डाला द्यायच्या क्रमांकात रिक्वेस्टचा टॅगच (ब्लॉक लेयरने, म्हणजे कर्नलच्या साठवण थराने, तिला दिलेला क्रमांक) घाला. उत्तर आले की त्या टॅगवरून ब्लॉक लेयर रिक्वेस्ट शोधून देतो. मॅपिंगची माहिती आणि स्टेटस ठेवण्यासाठी टॅग-सेट (या टॅगांचा संच) तयार करतानाच प्रत्येक रिक्वेस्टमागे किती जागा हवी ते सांगा, म्हणजे वेगळे स्ट्रक्चर घेणे आणि सोडणे हा व्यापही संपतो. मग इंटरप्टने फक्त स्टेटस त्या जागेत लिहावा आणि रिक्वेस्ट कम्प्लीट करण्याचे फंक्शन बोलवावे. मॅपिंग सोडवणे, स्टेटसचे रूपांतर आणि प्रत्यक्ष शेवट या गोष्टी कम्प्लीट कॉलबॅकमध्ये (त्यानंतर ब्लॉक लेयर बोलावतो त्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये), आणि फक्त तिथेच, असाव्यात. हार्डवेअर क्यू एकच असेल तर ब्लॉक लेयर हे काम स्वतःच सॉफ्टआयआरक्यूवर (इंटरप्टनंतरचे काम उरकण्याच्या कर्नलच्या सोयीवर) टाकतो, म्हणून टास्कलेटची गरज उरत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. कम्प्लीट बोलावल्यानंतर त्या रिक्वेस्टला हात लावू नका, कारण तो टॅग त्याच क्षणी दुसऱ्या कामाला गेलेला असू शकतो. डीबग संदेश छापण्यासाठी सेक्टर क्रमांक वाचणारी निरुपद्रवी ओळसुद्धा त्याआधीच हवी.

उलटा टॅग

वरील उत्तर बरोबर आहे, पण ते सुखाच्या वाटेचे आहे. खरी अडचण टाइमआउटमध्ये आहे. मुदत ठरवून दिली नसेल तर ब्लॉक लेयर ३० सेकंद थांबतो आणि मग आपल्या ड्रायव्हरला विचारतो. त्या वेळी रिक्वेस्ट आपण थेट संपवली आणि कार्ड अजून मेमरीच्या त्याच पानांवर डीएमए करत असेल, तर ती पाने एव्हाना दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलेली असतील. म्हणून आधी क्यू थांबवा, मग कार्ड खरोखर गप्प करा, आणि त्यानंतरच अडकलेल्या रिक्वेस्ट टॅग-सेटमधून एकेक करून त्याच कम्प्लीट कॉलबॅककडे पाठवा. एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवरच्या एसएसडींचा) ड्रायव्हर रीसेटच्या वेळी असेच करतो: रद्द झाल्याचा स्टेटस स्वतः लिहितो आणि पुढे नेहमीच्या वाटेने जातो. टाइमआउट आणि इंटरप्ट एकाच वेळी आले तर पहिला कोण, हे आता ड्रायव्हरनेच ठरवायचे असते. स्कझी थर (डिस्कसाठीच्या स्कझी प्रोटोकॉलचा कर्नलमधला भाग) त्यासाठी कमांडमध्ये स्वतःचा एक बिट ठेवतो.

शिवाय टॅगवरून मिळालेली रिक्वेस्ट जिवंतच असेल असे नाही. कार्डाने शिळे उत्तर पाठवले तरी पॉइंटर मिळतोच. एनव्हीएमईमध्ये याच कारणासाठी १६ बिटांपैकी १२ टॅगला आणि ४ पिढी (तोच टॅग कितव्यांदा वापरला) मोजायला दिले आहेत. आपल्या क्यूची खोली ४०९६ च्या आत असेल तर हीच विभागणी आपल्यालाही चालेल.

रात्रपाळी

दोघांचेही आभार. बदल करताना चौथी जागाही सापडली, जी मी मोजलीच नव्हती. कार्डाला काम देण्याआधीच मॅपिंग फसले, तर आमचा कोड रिक्वेस्ट स्वतः संपवत होता आणि वर त्रुटीही परत करत होता.

जुना खिळा

ही दुहेरी समाप्ती आहे. त्रुटी परत केली की ब्लॉक लेयरच ती रिक्वेस्ट संपवतो. आपण फक्त आपले अर्धवट मॅपिंग आवरायचे. साधनांची तात्पुरती टंचाई असेल तर ‘रिसोर्स’ हा स्टेटस परत करावा, म्हणजे रिक्वेस्ट न संपता पुन्हा प्रयत्नाला येते. मात्र ऋण एरर क्रमांक तिथे देऊ नका. ४.१३ पासून ब्लॉक लेयरचा स्टेटस हा वेगळा प्रकार आहे आणि स्पार्स (कर्नल कोड तपासणारे साधन) चालवल्यास ही गल्लत लगेच दिसते.

उलटा टॅग

आणखी एक विचारतो: आपले कार्ड अर्धवट पूर्ण झालेले बाइट कळवते का? तसे असेल तर शेवटच्या एका फंक्शनवर भागणार नाही. झालेले बाइट आधी नोंदवून उरलेला भाग पुन्हा क्यूमध्ये घालावा लागेल.

रात्रपाळी

नाही, पूर्ण किंवा त्रुटी, एवढेच कळवते. तो प्रश्न वाचला. आता रीसेटमध्ये क्यू आधी थांबते, मग कार्ड, मग रिक्वेस्ट रद्द होतात. आमच्याकडे हा क्रम नेमका उलटा होता.