मोरांडीच्या बाटल्या, पिगॉटचे पेले

'वाट्या-बाटल्या ओळीने मांडल्या की झाली कलाकृती?' हा प्रश्न कुणालाही पडेल आणि तो रास्तही आहे, पण ग्विन हॅन्सन पिगॉटचं काम पाहून माझं मत बदललं. ही ऑस्ट्रेलियन कुंभारीण (१९३५–२०१३). बर्नार्ड लीच आणि मायकेल कार्ड्यू या नामवंत इंग्रज कुंभारांकडे शिकलेली, म्हणजे रोजच्या वापराची भांडी घडवण्यात हात पक्का. पुढे ती लाकडाच्या भट्टीत भाजलेले पोर्सिलेनचे (पांढऱ्या, नाजूक चिनी मातीचे) पेले, वाडगे, बाटल्या गटागटाने मांडू लागली आणि त्या मांडणीला सरळ 'स्टिल लाइफ', म्हणजे स्थिरचित्र, म्हणू लागली.

यामागे इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार जॉर्जो मोरांडी आहे. त्याने आयुष्यभर त्याच त्या बाटल्या नि डबे रंगवले. चकाकी नको म्हणून काही बाटल्यांवर तो आधी रंगाचा हात मारायचा.

गंमत अशी की चित्रात दोन बाटल्यांमधली फट चित्रकार ठरवतो आणि ती तशीच राहते. पिगॉटच्या मांडणीसमोर तुम्ही दोन पावलं बाजूला सरकलात की उंच बाटली पेल्यामागे जाते, फट बुजते. काठाच्या पातळ कडेतून उजेड झिरपतो तो खराच. पेला उचलून चहा पिता येईल, पण उचललात की चित्र मोडलं!

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला आपण सगळ्यांनी स्थिरचित्र काढलंय. मला तेव्हा तांब्याची सावली काही केल्या जमली नव्हती. पिगॉटच्या मांडणीत सावली आयती पडते, याचा थोडा हेवाच वाटतो.