विषय: सर जॉन फ्रँकलिन हायस्कूलची सत्तरी

यलोनाइफहून

नमस्कार मंडळी,

कॅनडाच्या उत्तरेकडच्या या आमच्या गावातलं सर जॉन फ्रँकलिन हायस्कूल 1958 साली सुरू झालं. 2028 मध्ये शाळेला सत्तर वर्षं होतील. माझी दोन्ही मुलं याच शाळेत शिकली, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांचा आणि गाव सोडून गेलेल्यांचा मोठा मेळावा व्हावा असं फार वाटतं. शाळेकडे जाण्याआधी तुमच्याशी बोलावं म्हटलं. नोकरीनिमित्त इथे राहून गेलेली कितीतरी कुटुंबं आपल्या मंडळात आहेत. कोण कोण येईल?

एडमंटनहून

ताई, आम्ही नक्की येणार. 21 जूनच्या आसपास ठेवता आलं तर बघा. राष्ट्रीय आदिवासी दिनाची तुमच्याकडे सुट्टी असते आणि रात्री अकरा वाजून गेले तरी उजेड असतो. इथून गाडीने जवळपास 1500 किलोमीटर पडतात, पण 2012 साली मॅकेंझी नदीवर डेह चो पूल झाल्यापासून बर्फ धरायची किंवा फुटायची वाट बघत अलीकडच्या काठावर अडकून पडावं लागत नाही.

शाळेच्या इमारतीतच नाट्यगृह आहे ना? तिथे आपली एक एकांकिका बसवूया. मंडळातर्फे एक मोठा फलकही लावू.

ऑगस्ट 2023 मध्ये वणव्यामुळे तुमचं अख्खं गाव रिकामं केलं, तेव्हा तुम्ही आमच्याकडे होतात. धाकटा सकाळी चहाच्या आधी नकाशा उघडून आग कुठवर आली ते बघायचा, आणि शाळेच्या ठिकाणी बोट ठेवून म्हणायचा, "काका, अजून लांब आहे." त्या शाळेवर आमचाही जीव आहे.

यलोनाइफहून

काका, ते दिवस मी जन्मात विसरणार नाही. 6 सप्टेंबरला परतीची परवानगी मिळाली तेव्हा काकूंनी बांधून दिलेल्या दशम्या आम्हाला वाटेत दोन दिवस पुरल्या.

एकांकिकेचं मात्र जरा थांबूया. या मेळाव्यात पहिला मान अकेचो हॉल या वसतिगृहातल्या मुलांचा आहे. आता ती आजी-आजोबा झालीत. शाळेबरोबरच 1958 मध्ये हे सरकारी वसतिगृह सुरू झालं आणि 1994 पर्यंत चाललं. मॅकेंझीकाठच्या आणि आर्क्टिक किनाऱ्यावरच्या वस्त्यांमधून डेने, मेटी, इन्युइट या आदिवासी समाजांच्या मुलांना छोट्या विमानांनी इथे आणत. आईवडिलांची भेट थेट पुढच्या उन्हाळ्यात. आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या कॅनडाच्या निवासी शाळांच्या यादीत या वसतिगृहाचंही नाव आहे. त्या शाळांबद्दल 2008 साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. कुणाला इथे जन्मभराची मैत्री मिळाली, तर कुणी आजही त्या रस्त्याने जायचं टाळतं. आपल्याला शाळा म्हणजे माहेर वाटतं, पण सगळ्यांना तसं वाटेल असं धरून चालू नये.

नावांचंच बघा. शाळेला नाव ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनचं आणि वसतिगृहाला अकेचोचं. 1821 च्या हिवाळ्यात फ्रँकलिनच्या मोहिमेतली माणसं उपासमारीने मरत होती, तेव्हा डेने प्रमुख अकेचोच्या लोकांनी मांस आणून उरलेल्यांचे जीव वाचवले. व्यासपीठावर ही गोष्ट डेने वडीलधाऱ्यांच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत ऐकायला मिळावी, अशी माझी फार इच्छा आहे.

म्हणून फलकाचे पैसे विमानाच्या तिकिटांना द्यावेत. रस्ता नसलेल्या वस्त्यांमधून एका माणसाला आणायचं तर खर्च भारी पडतो.

कॅलगरीहून

ताईंचं म्हणणं पटलं. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमातली शिल्लक त्यासाठी बाजूला ठेवावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे मांडतो. एक विचारायचं होतं. आपण परस्पर वस्त्यांमध्ये संपर्क करणं बरं दिसेल का?

यलोनाइफहून

दादा, परस्पर नको. आधी वसतिगृहातल्या माजी विद्यार्थ्यांना विचारायचं की असा मेळावा त्यांना हवा आहे का, आणि हवा असेल तर कसा. माझ्या ओळखीच्या एक डेने आजी तिथे राहिलेल्या आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांना भेटते. ढोलनृत्य, माशांचं जेवण, बॅनक (त्यांची जाड रोटी), भाषणं हे सगळं त्या म्हणतील तसं. ज्यांना गर्दीत बसवणार नाही त्यांच्यासाठी एक शांत खोली हवी, आणि सोबतीला त्यांच्या ओळखीचं माणूस.

तोवर तुम्ही एवढं करा: इथे राहून गेलेल्या आपल्या कुटुंबांची यादी, मुलं शाळेत होती ती वर्षं, आणि जुने फोटो असतील तर तेही. स्वयंपाकघरात राबायला कोण तयार आहे, तेही कळवा. पहिलं नाव माझं लिहा.