शब्दचर्चा : लेसरचा ‘चिमटा’ की ‘सापळा’?

साताऱ्याहून, विज्ञान शिक्षिका
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आठवीची मुलं भित्तिपत्रक करताहेत. विषय : लेसरच्या झोतात अंतराळातला धूलिकण धरून त्याचा अभ्यास. ऑप्टिकल ट्वीझर्सला ‘प्रकाशीय चिमटा’ लिहिलं, तर पोरं विचारतात, पाती कुठायत? ‘सापळा’ लिहू का? आणि धूळ ‘वैश्विक’ की ‘अंतराळातली’?

सांगलीहून, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक
मॅडम, पोरांचं बरोबर आहे. भिंगाने एकवटलेला एकच झोत असतो. पारदर्शक कणातून जाताना प्रकाश वळतो, त्याचा संवेग बदलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून कण झोतातल्या सर्वांत उजळ जागेकडे ओढला जातो. बेल लॅब्जमध्ये आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ मध्ये हे एका झोतावर साधलं. २०१८ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते ९६ वर्षांचे होते. झोत सरकवला की कण मागोमाग येतो. म्हणून माझं मत चिमट्याला.

सांगली, सराफ कट्टा
आमचा जन्म चिमटा धरण्यात गेला, म्हणून विचारतो. झाळताना सोन्याचा रवा चिमट्यात जास्त दाबला तर टुणकन उडतो. तुमचा प्रकाश तर दाबतच नाही, मग चिमटा कसला?

प्राध्यापक
काका, दाबतोही. धूमकेतूची धुळीची शेपटी सूर्यापासून लांब ढकलली जाते ती प्रकाशाच्या दाबानेच. कार्बनवाले काळे कण प्रकाश शोषतात, तापतात आणि तुमच्या रव्यासारखे झोताबाहेर जातात. तेव्हा समोरासमोर दोन झोत सोडता येतात. घ्या, मिळाली दोन पाती!

वाईहून
विश्वकोशाच्या गावात राहून गप्प कसा बसू? ‘वैश्विक किरण’ रुळलेला आहे, त्यामुळे ‘वैश्विक धूळ’च ठेवा. खरं तर आपल्याकडे खाली बसलेली ती धूळ, उडालेला तो धुरळा आणि पाऊल रुतेल तो फुफाटा. ताऱ्यांमधली धूळ कुठेच बसलेली नसते, पण ‘वैश्विक धुरळा’ म्हटलं की निवडणूक आठवेल. झरोक्यातल्या उन्हात तरंगताना दिसणाऱ्या कणाला ‘त्रसरेणू’ म्हणतात. मनुस्मृतीत वजनांची मोजणी त्याच्यापासूनच सुरू होते. देखणा शब्द, पण आठवीच्या पोरांवर लादू नका.
‘सापळा’ मात्र वाया घालवू नका. वाइल्ड-२ धूमकेतूजवळ स्टारडस्ट यानाने एरोजेल या अतिहलक्या, सच्छिद्र पदार्थाचे ठोकळे उघडे धरले, सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने आलेले कण त्यांत रुतले आणि २००६ मध्ये पृथ्वीवर पोचले. सापळा तो. आपण होऊन येऊन अडकायचं.

शिक्षिका
हे पटलं. मग पत्रकात दोन्ही येतील : आणताना सापळा, तपासताना चिमटा. विज्ञान दिनाशी धागा कसा जोडू?

प्राध्यापक
सोपं आहे. धरलेल्या कणावरून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट पाहून त्यातलं खनिज ओळखतात, तो रामन परिणामच, २८ फेब्रुवारी १९२८ चा. फक्त क्रियापद ‘पकडणे’ नको, ‘धरून ठेवणे’ लिहा. वर्णपट मिळेपर्यंत कण जागचा हलता कामा नये, खरी मेहनत त्यातच आहे.