चार बँडांत वाजवतो म्हणून मी बेइमान?

ऑक्टोपॅडवाला (धागाकर्ता)

आमच्या एका बँडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवा नियम पडलाय: ‘यापुढे इतर कुठल्याही ग्रुपमध्ये वाजवायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी.’ खाली चार जणांचे अंगठे. मी अंगठा दिलेला नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी पुण्यात ड्रम आणि ऑक्टोपॅड वाजवतो. जुन्या हिंदी गाण्यांचा एक ऑर्केस्ट्रा, लग्नाच्या संगीत-हळदीवाला एक बँड, कंपन्यांच्या पार्ट्या आणि पबमध्ये वाजवणारा तिसरा, आणि चौथा आमचा स्वतःच्या गाण्यांचा, ज्यातून रिहर्सलच्या खोलीचं भाडंही निघत नाही. नियम काढलाय लग्नवाल्यांनी. चौथ्याने काढला असता तर एक वेळ समजलं असतं, तिथे निदान प्रेमाचा मामला आहे.

आता पंचांग काढा. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नाहीत. गणपतीत श्वास घ्यायला फुरसत नसते आणि विसर्जन झालं की पितृपक्षात फोन वाजत नाही. पौषात पुन्हा शांतता. त्यात २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे मे महिन्याचा निम्मा हंगाम पाण्यात. हे खड्डे भरून काढायला पब आणि कंपन्या आहेत. लग्नवाला बँड मला अधिक महिन्याचे पैसे देणार आहे का?

जो महिन्याचा पगार देतो त्याने खुशाल निष्ठा मागावी. जो नाईटचे, म्हणजे एका शोचे, देतो त्याला ती नाईट पूर्ण मिळेल. बाकीच्या रात्री माझ्या.

सांगलीचा अण्णा

सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्राचा मालक बोलतोय. शिव्या घालायच्या असतील तर रांगेत या.

भाऊ, तुझ्या बाकीच्या रात्रींशी मला काही देणंघेणं नाही. माझं दुखणं त्या एका नाईटचं आहे. मंडळाचा सेक्रेटरी आमचा व्हिडिओ बघून दोन महिने आधी सुपारी देतो. व्हिडिओत तू असतोस. विसार घेतलेला असतो, बॅनर लागलेला असतो, आणि चार दिवस आधी तुझा फोन येतो: ‘अण्णा, त्या तारखेला जरा अडचण आहे, बदली पाठवतो, पोरगा एक नंबर आहे.’ अडचण काय असते ते आम्हाला कळतं. दुसरीकडे दीडपट मिळालेले असतात.

आणि तो एक नंबर पोरगा काय करतो ते बघ. लावणी संपताना नाचणारी तिहाईवर, म्हणजे तीनदा येणाऱ्या शेवटच्या तुकड्यावर, पाय आपटून थांबते. ठेका तिथंच तुटायला पाहिजे. आमच्या रोजच्या पोराला तिच्या खांद्यावरून कळतं की आता तिहाई येणार. बदलीवाला मान खाली घालून आणखी दोन आवर्तनं ओढतो, ती बिचारी थांबलेली, पदर सावरत परत एक गिरकी घेते. पब्लिक शिट्ट्या मारतं, त्या कौतुकाच्या नसतात. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पैसे कापतो ते माझे, बदलीवाल्याचे नाही.

काळी दोन

अण्णा, तालमीचे पैसे देता का?

सांगलीचा अण्णा

चहा-वडापाव देतो. पूर्वीपासून तसंच आहे.

काळी दोन

बघा म्हणजे. तालमीला चौघं आणि स्टेजवर नऊ का असतात, याचं उत्तर त्या वडापावात आहे. तालमीचा दिवस म्हणजे माझी एक बुडालेली शिकवणी. अर्धी नाईट द्या, सगळे येतील. लावणीचा शेवटही पाठ करतील.

श्रुतीबॉक्स

धागाकर्त्याशी असहमत, पण कारण पैशाचं नाही.

चार बँड म्हणजे चार गायक आणि चार पट्ट्या, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर सा धरायचा ते. तेच गाणं एकीकडे पांढरी चार, दुसरीकडे काळी पाच. पूर्वी पेटीवाला ते बोटांनी करायचा, आता की-बोर्डवर ट्रान्सपोजचं (बोटं तीच ठेवून पट्टी बदलणारं) बटण आहे आणि तिथेच घात आहे. माझ्या ओळखीच्या एकाने आदल्या रात्री लेडीज सिंगरसाठी ट्रान्सपोज अधिक तीनवर ठेवला होता. दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या ग्रुपमध्ये ट्रॅफिकमधून धापा टाकत पोचला, साउंडचेक हुकलेला, थेट गणेशवंदना. तो आपल्या बोटांप्रमाणे बरोबरच वाजवत होता. बासवाला खरी पट्टी धरून, गायक बिचारा दोघांच्या मधे कुठेतरी. पहिलं कडवं गणपतीने सांभाळून घेतलं असेल तेवढंच.

सरावाने हे टळतं. पेनड्राइव्हवर प्रत्येक ग्रुपचं वेगळं फोल्डर ठेवणारे शिस्तीचे लोक मला माहीत आहेत. पण चार बँडांत वाजवणारा हळूहळू सगळीकडे एकच वाजवायला लागतो. तोच कहरवा, तीच फिल (ओळींमधली भर), तोच स्ट्रिंगचा पॅच. कुणाची तक्रार येत नाही इतपत चांगलं. मला त्याचीच भीती वाटते.

ऑक्टोपॅडवाला

तक्रार येत नाही इतपत चांगलं वाजवणं याला बाहेर नोकरी म्हणतात, श्रुतीबॉक्स. बँकेतल्या कॅशियरकडून रोज नवं काही निघावं अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. माझं नवं मी चौथ्या बँडमध्ये काढतो आणि त्याचा खर्च बाकीचे तीन उचलतात.

रेकॉर्डिंगचा किडा

लोक असं बोलतायत जणू हे परवाच सुरू झालं. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट रात्री मुंबईच्या ताजमध्ये स्वतःचा बँड घेऊन वाजवायचे आणि दिवसा संगीतकार सी. रामचंद्रांचे सहायक. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावर दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनची अरेंजमेंट करायचे आणि ओ. पी. नय्यरचीही. एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन दुकानं, वाद्यमेळ लिहिणारा हात एकच. दोन्हीकडचं ऐका, कुणाचं कुणासारखं वाटतं का? म्हणून श्रुतीबॉक्स यांचा ‘सगळीकडे एकच’वाला मुद्दा मला पटत नाही. ते माणसावर आहे, बँडांच्या संख्येवर नाही.

सांगलीचा अण्णा

नावं मोठी घेतलीस. पण सेबॅस्टियन साहेबांनी ऐन रेकॉर्डिंगच्या सकाळी ‘बदली पाठवतो’ म्हणून फोन केल्याचं कुठं वाचलंयस का?

काळी दोन

आणि त्यांच्या मागे सिने म्युझिशियन्स असोसिएशन होती, अण्णा. आपल्या मागे कोण आहे? ‘पार्टीनं दिले की देतो’ हे वाक्य आम्ही दिवाळीत ऐकतो, गणपतीतल्या नाईटबद्दल.

सुरमयी

सगळे वादक भांडतायत, जरा गायिकेचंही ऐका.

तुम्ही बदली पाठवता. मी काय पाठवू? फ्लेक्सवर माझा फोटो असतो. सलग तीन रात्री उडत्या चालीची गाणी गायली की चौथ्या दिवशी वरचा षड्ज लागत नाही, आणि गळ्याला ट्रान्सपोजचं बटण नाही. म्हणून वादकाच्या मानाने माझ्या नाईटचे पैसे जास्त दिसतात, पण नाईट कमी असतात. वर रात्री एक वाजता परत कुणाच्या गाडीतून यायचं हा हिशेब वेगळा. ज्या ग्रुपची गाडी घरापर्यंत सोडते त्यांची तारीख मी कमी पैशातही घेते. याला निष्ठा म्हणायचं तर म्हणा.

पण अण्णांच्या बाजूची एक गोष्ट मला मान्य आहे. इचलकरंजीत एका मंडळात गायले आणि आठवड्याने दुसऱ्या ग्रुपकडून पलीकडच्या गल्लीत. समोर तेच लोक. ‘अहो, ही तर तीच, साडीपण तीच!’ अशा वेळी ग्रुपने ‘या गावात, या हंगामात फक्त आमच्याकडून’ असं मागितलं तर ते रास्त आहे. मात्र त्याचे वेगळे पैसे धरले पाहिजेत. फुकट कसली परवानगी?

ऑक्टोपॅडवाला

हे मी आत्ता जसंच्या तसं ग्रुपवर टाकतो.

लॉनवाला दुःखी

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. हा सगळा तिढा दहा वाजण्याने वाढवलाय. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत, तेही सरकार ठरवेल ते. ऑर्केस्ट्रा रात्रभर चालायचे तेव्हा एक माणूस नऊला एका गावात स्टेजवरून उतरून एकला दुसऱ्या गावात उभा राहू शकायचा. आता सगळ्यांचे शो सात ते दहा. सगळ्या तारखा एकमेकांच्या उरावर. डबल मारायची, म्हणजे एका रात्री दोन शो करायचे, तर एकच वाट: आधी लॉन, मग बंद हॉल. बंद बँक्वेटमध्ये आवाज आतच राहणार असेल तर दहाचं बंधन तसं नाही. पण दहाला लॉनवर शेवटची झांज वाजवून, ड्रम सोडून, हिंजवडीच्या हॉटेलात साडेदहाला उभं राहून दाखवा. म्हणून हल्ली डबल मारणारे ऑक्टोपॅडवालेच उरलेत. पाठीवर बॅग, निघाले.

म्हापशाचो बासवाला

गोव्यातून सांगतो. तुमचं भांडण ऐकून हेवा वाटला. आमच्याकडे मालक विचारतो, चार माणसं कशाला? एक गायक, एक लॅपटॉप, मायनस वन, म्हणजे गाणारा सोडून बाकी सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं. बीचकडच्या कित्येक हॉटेलांत ड्रमर आणि बास दोघेही फाइलमध्ये गेले. मग उरतं काय? तियात्राला, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकाला, अजून लाइव्ह बँड लागतो, ट्रंपेट-सॅक्ससकट. ख्रिस्ती लग्नांना बँड लागतो, पण लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, सहसा लग्नं नाहीत. त्याच सुमाराला शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, येतो. जत्रेतल्या नाटकांना साथ लागते. मी हे सगळं वाजवतो. एकाच बँडमध्ये राहिलो असतो तर केव्हाच बास विकून टॅक्सी घेतली असती.

तेव्हा धागाकर्त्या, परवानगीचं सोड. तुझा लग्नवाला बँड ट्रॅक वापरायला लागला का, ते आधी बघ. ज्या दिवशी ‘रिदम ट्रॅकवर आहे, तू वरून फक्त फिल मार’ म्हणतील त्या दिवशी तुझी नाईट अर्धी होणार.

ऑक्टोपॅडवाला

म्हणाले आहेत. गेल्या महिन्यात.

श्रुतीबॉक्स

आणि हे आत्ता सांगताय? मग नियम त्यासाठीच आहे. ट्रॅक बनवताना तुमच्याकडूनच वाजवून घेतील, पुढच्या वर्षी पॅड वाजवायला कॉलेजचा पोरगा. ट्रॅक बनवायचे वेगळे पैसे मागा, आणि ट्रॅक त्यांच्या लॅपटॉपवर न देता तुमच्याकडे ठेवा.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून दोन ओळी. कंपनीच्या शोचे पैसे बँकेतून येतात. वर्षाला एकाच ठिकाणाहून ५० हजारांच्या वर गेले की १० टक्के टीडीएस कापतात. टॅक्स बसत नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. कित्येक वादक रिटर्नच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. वर घराच्या कर्जाला गेले की बँक विचारते, उत्पन्न दाखवा. रोखीतली नाईट तिथे दिसत नाही. चार बँडांत वाजवा, नाहीतर आठ, पण निदान दोन ठिकाणचे पैसे खात्यात घ्या.

अण्णा, तुमच्यासाठी: लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या कार्यक्रमाचं कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी नाही. हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा यात बसत नाही. उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते.

सांगलीचा अण्णा

लावणी लोककला नाही व्हय?

हिशेबनीस

नुसत्या लावण्यांचा कार्यक्रम असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या तीन तासांत लावण्या दोन असतात.

ऑक्टोपॅडवाला

सगळ्यांचं वाचून लग्नवाल्यांना हा मसुदा पाठवलाय. एक, पक्की केलेली तारीख जास्त पैशासाठी सोडणार नाही. दोन, अगदीच नाइलाज झाला तर बदली मी आणीन, एका तालमीसकट, आणि त्याची तालीम माझ्या खिशातून. तीन, माझ्या तालमीची अर्धी नाईट तुम्ही द्यायची. चार, ट्रॅकचे वेगळे पैसे. पाच, पैसे शो झाल्यावर आठ दिवसांत, पार्टीने दिले असोत वा नसोत. परवानगी हा शब्द कुठेही नाही.

सांगलीचा अण्णा

पहिलं आणि दुसरं मी आजच्या आज सही करून घेतो. तिसऱ्याचं बघू. पाचवं जमणार नाही. मंडळं गणपतीचे पैसे नवरात्रात देतात, मी कुठून आणू? साउंडवाल्याला आणि टेम्पोवाल्याला त्याच रात्री रोख द्यावे लागतात.

काळी दोन

म्हणजे टेम्पोवाल्याला रोख, आणि स्टेजवर वाजवणाऱ्याला नवरात्रात?

सांगलीचा अण्णा

टेम्पोवाला पैसे मिळाल्याशिवाय सामान उतरवत नाही, बाबा.

काळी दोन

ऑक्टोपॅडवाले, सहावा मुद्दा मिळाला. निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय बॅगेची चेन उघडायची नाही.